कोऱ्या कागदावरची पहिली ओळ

कोरा कागद नावाची वस्तू जगात अस्तित्वातच नाही, असे मी म्हटले तर नेहमीच्या वाचकांना वाटेल, की ह्या मास्तरांना दिवाळीच्या आधीच फराळ जरा जास्त झालेला दिसतो. पण थोडा धीर धरा. एरवी ह्या पानावर आपली भेट होते ती दीड कॉलमाची. बसथांब्यावर दोन मिनिटे बोलावे तशी. दिवाळी अंकात संपादकांनी जागा ऐसपैस दिली आहे, तेव्हा आज पाटावर मांडी घालून बोलू.

जुन्या पिढीतली माणसे पोस्टकार्ड लिहायला बसत, तेव्हा पहिला शब्द सुचण्याची वाट पाहात नसत. पेनाचे टोपण काढले, की हात आपोआप कार्डाच्या माथ्यावर मधोमध जाई आणि तिथे ‘श्री’ उमटे. मग उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या वयाच्या इतर मंडळींना ‘तीर्थस्वरूप’, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ आणि धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. खाली ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. एवढे सगळे झाल्यावर मधे जी चार बोटे जागा उरे, तीत खरा मजकूर : ‘मनीऑर्डर पोचली. इकडे पाऊस नाही.’ कार्ड टपाल कचेरीतून कोरे आणलेले असे खरे. पण लिहिणाऱ्याच्या मनात ते निम्म्याहून अधिक लिहिलेलेच असे. वाईट बातमी असली, की कार्डाचा कोपरा फाडीत. पोस्टमनच्या हातात ते कार्ड दिसले, की एक अक्षर वाचण्याआधीच घर हबकून जाई.

हे काही कोणा एकाच्या लहरीने झालेले नव्हते. पत्रांचे आणि दस्तऐवजांचे नमुने शिकवणारे लिखाण आपल्याकडे फार जुने आहे. मोडी दप्तरांच्या अभ्यासकांना ‘मेस्तक’ हा शब्द ठाऊक असतो. कोणी कोणाला कसे लिहावे, आरंभ कसा करावा, शेवट कसा करावा, हे मेस्तकात सांगितलेले असते. मध्ययुगीन गुजरातेतला ‘लेखपद्धति’ नावाचा एक संस्कृत संग्रह बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९२५ साली छापला. त्यात दानपत्रापासून गहाणखतापर्यंतचे नमुने आहेत. कारकुनाने कागद पुढे ओढला, की पहिल्या चार-सहा ओळी त्याच्या स्वतःच्या नसतच. त्या त्याच्या आधी होऊन गेलेल्या कोणाच्या तरी असत.

हे सगळे आज आठवायचे कारण आमची कन्या. ती इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर. मागे एका रविवारी तिने मला तिचा एडिटर दाखवला. प्रोग्रॅम ज्यात लिहायचा त्या साधनाला एडिटर म्हणतात. मराठीत सरळ संपादक म्हणावे, तर ह्या संपादकाचा स्वभाव मला माहीत असलेल्या संपादकांच्या अगदी उलट. आमचे संपादक आपण लिहिलेल्या चाळीस ओळींतल्या दहा कापतात. हा आपण एक अक्षर लिहिण्याआधीच पदरच्या दहा घालून देतो! कन्येने ‘नवी फाईल’ म्हटले, तिला नाव दिले, आणि पाहतो तो पान भरायला लागलेले.

‘‘हे कोणी लिहिलं?’’ मी विचारले.

‘‘कुणी नाही, बाबा. टेम्प्लेट आहे. नवी फाईल अशीच येते.’’

‘कुणी नाही’ हे उत्तर मला घरात नेहमी मिळते. डब्यातले लाडू कोणी संपवले, बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला, माझा चष्मा इथून कोणी हलवला, ह्या सगळ्या प्रश्नांना ते एकच उत्तर पुरते. वीस वर्षांचा अनुभव मात्र असा, की कोणीतरी असतेच. तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

टेम्प्लेट म्हणजे साचा. ते पान वेबपेजचे होते. पहिली ओळ म्हणजे नाटकातली नांदी : हा मजकूर एचटीएमएल ह्या भाषेच्या आजच्या रीतीने लिहिला आहे, एवढेच ती ब्राउझरला सांगते. ती नसली, तर ब्राउझर पान जुन्या जमान्यातले समजतो आणि जुन्या रीतीने मांडतो. थोडे खाली ‘यूटीएफ-८’ असे काहीतरी होते. ह्या ओळीशी आपले मराठी माणसांचे फार जवळचे नाते आहे. कॉम्प्युटरला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हा करार आधी व्हावा लागतो. केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी १९९२ साली यूटीएफ-८ चा आराखडा केला. ह्या करारात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या एका वर्णाला तीन लागतात. पानाच्या माथ्यावर हा करार नोंदवला नाही आणि ब्राउझरने भलताच करार गृहीत धरला, तर ‘मराठी’ ह्या शब्दाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरे आणि नाण्या-नोटांची चिन्हे ह्यांची मिरवणूक निघते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी ई-मेल वाचायची खटपट केली असेल, त्यांनी ती मिरवणूक पाहिली असेल. आता इतकी मोलाची ओळ रोज प्रत्येक पानावर आठवणीने कोण लिहिणार? म्हणून ती साच्यात घालून ठेवतात. साचा हा विसरभोळ्यांचा मित्र आहे, हे मला तेव्हाच पटले.

साच्यात काही जागा मात्र मुद्दाम मोकळ्या असतात. लक्ष्मीपूजनाला गुरुजी संकल्प सांगतात, त्यातले ‘अमुक’ आठवा. संवत्सर अमुक, अयन अमुक, ऋतू अमुक, तिथी-वार अमुक. अमुक गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा मी अमुक पूजा करतो. पोथीत शब्द ‘अमुक’ असाच असतो. तिथे पंचांगात पाहून तिथी घालायची आणि यजमानाला विचारून गोत्र घालायचे. जेटब्रेन्स नावाची, प्राग शहरात सुरू झालेली एक कंपनी आहे. तिच्या ‘इंटेलिजे आयडिया’ ह्या एडिटरात नेमके हेच चालते. सेटिंग्जमध्ये ‘फाइल अँड कोड टेम्प्लेट्स’ असे एक दालन आहे. तिथल्या साच्यात डॉलरचे चिन्ह काढून पुढे महिरपी कंसात ‘डेट’ लिहून ठेवले, की फाईल जन्मते त्या दिवसाची तारीख तिथे येऊन बसते. ‘यूझर’ लिहिले, की लिहिणाऱ्याचे नाव. ‘नेम’ लिहिले, की फाईलचे.

‘‘हे तर आपलं अमुक!’’ मी म्हटले. कन्येने तो शब्द उचलला. आता तिच्या मैत्रिणीही एकमेकींना ‘अमुक भरलंस का गं?’ असे विचारतात.

आणि अमुक भरायचे राहून गेले तर? त्याचे नमुने जगभर विखुरलेले आहेत. अ‍ॅपलच्या ‘एक्सकोड’ ह्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत नव्या फाईलच्या माथ्यावर निर्मात्याचे नाव, तारीख आणि हक्कांची ओळ येई. कंपनीचे नाव भरलेले नसले, तर त्या जागी ‘माय कंपनी नेम’ हे शब्द एकमेकांना चिकटून, दोन्ही बाजूंना अधोरेषा लावून, जसेच्या तसे उमटत. २००८-०९ च्या सुमाराला लिहिलेल्या आणि सर्वांना पाहायला खुल्या असलेल्या कितीतरी फाईलींवर आजही ‘सर्व हक्क माझ्या-कंपनीचे-नाव ह्यांचे स्वाधीन’ अशा अर्थाची घोषणा झळकते आहे. ‘ड्रीमवीव्हर’मध्ये नव्या वेबपेजला ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’ हे नाव मिळे. बारसे करायचे विसरलेली ती पाने त्याच नावाने मोठी होऊन जगात फिरली. आपण हसायचे कारण नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेत, तळाशी, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असे म्हणणाऱ्या भाचरांच्या यादीत एक भाचा असा निघाला, की दोन्ही घरांत त्याला कोणी ओळखेना. आधीच्या कोणाच्या तरी पत्रिकेतून तो राहून गेला होता. लग्नात मात्र सगळ्यांनी त्याची आपुलकीने चौकशी केली.

आता मुख्य गोष्ट : हा साचा बदलता येतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. नवी फाईल जशी येते तशी ती आकाशातून पडली आहे, अशा श्रद्धेने ते तिच्याकडे पाहतात.

जुन्याजाणत्या प्रोग्रॅमर मंडळींचे दोन आवडते एडिटर आहेत : विम आणि ईमॅक्स. त्यांच्या भक्तांत शैव-वैष्णवांसारखे वाद चालतात. पण साच्याच्या बाबतीत दोघेही उदार आहेत. विममध्ये एक ओळीची आज्ञा लिहून ठेवता येते, की ह्या जातीची नवी फाईल उघडली म्हणजे माझ्या अमुक फाईलीतला मजकूर तिच्या माथ्यावर आणून ठेव. त्या मूळ फाईलीला तिथे ‘स्केलेटन’ म्हणजे सांगाडा म्हणतात. ईमॅक्समध्ये ‘ऑटो-इन्सर्ट’ नावाची सोय आहे आणि ती अधिक सुसंस्कृत आहे. मजकूर घालण्याआधी ती ‘घालू का?’ असे विचारते. ‘व्हीएस कोड’मध्ये तर मुले एक उद्गारचिन्ह टाइप करतात, टॅबची कळ दाबतात, आणि वेबपेजचा सगळा सांगाडा उभा राहतो. आमच्या व्याकरणात उद्गारचिन्ह वाक्याच्या शेवटी येते, इथे सगळे वाक्यच त्याच्यातून निघते! ही करामत ‘एमेट’ नावाच्या सोयीची. सेटिंग्जमध्ये एमेटच्या ‘व्हेरिएबल्स’ ह्या कलमात जाऊन त्या सांगाड्यातल्या काही गोष्टी आपल्याला हव्या तशा ठरवून ठेवता येतात. ह्या कलमाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनाही ही सोय आहे. वर्डमधला प्रत्येक नवा कागद ‘नॉर्मल’ नावाच्या साच्यातून निघतो. फाँटच्या खिडकीत हवा तो फाँट आणि आकार निवडून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ म्हटले आणि त्या साच्यावर बेतलेल्या सगळ्या कागदांसाठी असे सांगितले, की दर वेळी अक्षर मोठे करत बसावे लागत नाही. घरातल्या वडील मंडळींसाठी एवढे जरी कोणी करून दिले, तरी पुण्य लागेल.

आणि ह्या आपोआप येणाऱ्या गोष्टींमागे खरोखर कोणीतरी असते. विंडोजवर मराठी मजकूर वर्षानुवर्षे ज्या ‘मंगल’ फाँटात उमटत आला, तो र. कृ. जोशी ह्या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवलेला. विम रचणारे ब्रॅम मोलेनार हे डच गृहस्थ. त्यांनी १९९१ साली विम लोकांपुढे ठेवला, आणि पुढे तो फुकट देताना कोऱ्या पडद्यावर एक ओळ घातली : युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मोलेनार २०२३ साली वारले. त्यांच्या एडिटरात जगातल्या कितीतरी लोकांनी रोज सकाळी नवा पडदा उघडला आणि पहिल्यांदा ती ओळ पाहिली. कोरे पान कोणाच्या हाती असले, तर तो त्याचे काय करू शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इथवर सगळे मौजेचे झाले. पुढचे तितकेसे मौजेचे नाही.

आमच्या मराठी विभागाचे भित्तिपत्रक वर्षानुवर्षे जिन्याजवळच्या फळ्यावर लागे. मुलांनी एका वर्षी ठरवले, की मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, अंक फळ्याबरोबर वेबवरही काढायचा. त्यात एक लेख एम. ए. च्या वर्गातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याचा होता. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि तिचा आवाज ह्यांविषयी. फळ्यावरचा अंक त्याने स्वतः कधी वाचला नव्हता. मित्र जेवढा वाचून दाखवीत, तेवढाच त्याचा. ह्या अंकाची त्याला सर्वांहून अधिक ओढ होती, कारण हा अंक तो एकट्याने, कोणाची मनधरणी न करता, पुन्हा पुन्हा वाचू शकणार होता.

त्याच्या लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ नावाचा पडदावाचक आहे. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या अंध तरुणाने २००६ साली हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे जेम्स टे हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो कोणालाही फुकट मिळतो, आणि त्याला मराठी वाचता येते.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी हा विद्यार्थी विभागात आला.

‘‘सर, अंक निघाला ना?’’

‘‘निघाला की! सगळ्यांनी पाहिला.’’

‘‘माझ्याशी बोलत नाही तो.’’

त्याने कानातले काढून माझ्या हातात दिले. मी ऐकू लागलो. आतून एक इंग्रजी आवाज येत होता आणि त्या बिचाऱ्याला देवनागरीचा गंध नव्हता. मधेच एखादे अक्षर सुटे उच्चारी, मधेच नुसता गप्प बसे. एका लेखात इंग्रजी पुस्तकातला उतारा होता; तिथे आल्यावर मात्र तो खडखडीत जागा झाला. हाच प्रोग्रॅम ह्याच लॅपटॉपवर मराठी वर्तमानपत्र व्यवस्थित वाचीत होता. मग आमच्याच अंकाने काय पाप केले होते? मजकूर तर मुलांनी तीनतीनदा तपासला होता.

संध्याकाळी कन्येने त्या पानाचे पोट उघडून पाहिले. ब्राउझरमध्ये तशी सोय असते. तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. तिथे ‘लँग’ असा शब्द होता, म्हणजे लँग्वेज. आणि त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत ई-एन ही दोन अक्षरे. आमचा मराठीचा अंक आपल्या माथ्यावर लिहून मोकळा झाला होता, की मी इंग्रजी आहे! डोळस माणसाला ही ओळ दिसत नाही आणि तिचा उपद्रवही होत नाही. पडदावाचक मात्र भाबडा. तो तिच्यावर विश्वास ठेवतो. पान इंग्रजी म्हटल्यावर त्याने मराठी आवाज बाजूला सारला आणि इंग्रजी आवाज पुढे केला.

एकूण २६ पाने, आणि सव्विसांच्या माथ्यावर तीच ओळ. दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारले, ‘‘ही ओळ कोणी लिहिली?’’ उत्तर ठरलेलेच : ‘‘कुणी नाही, सर.’’ आणि ते खरेही होते. त्यांनी कुठूनसा मिळालेला साचा घेतला होता. तो कुठला, हे त्यांना आठवत नव्हते. दूरदेशी कोणीतरी आपल्या भाषेचे पान करताना ती दोन अक्षरे लिहिली असणार, आणि तिथे ती अगदी खरी असणार. साच्याबरोबर हातोहात प्रवास करीत ती आमच्या अंकापर्यंत आली आणि इथे येऊन खोटी झाली. त्याचा भुर्दंड पडला तो वर्गातल्या एकाच मुलावर. बाकी सगळ्यांचा अंक उत्तम निघाला होता.

दुरुस्ती म्हटली तर दोन अक्षरांची. ई-एनच्या जागी एम-आर. मराठीचे आंतरराष्ट्रीय सांकेतिक नाव एम-आर असे आहे. आपली मायबोली परदेशात ‘मिस्टर’ म्हणून वावरते, हे पाहून मला गंमत वाटली. पण नाव ते नाव. कन्येने प्रथम साचा दुरुस्त केला. तेवढ्याने मात्र भागत नाही, कारण साच्याचा आणि फाईलचा संबंध जन्मापुरताच असतो. टाकसाळीतला ठसा बदलला, म्हणून आपल्या खिशातले नाणे बदलत नाही. तसे साचा सुधारला, तरी त्यातून आधी निघालेली पाने होती तशीच राहतात. तेव्हा सव्वीसच्या सव्वीस पानांत शोधून बदलण्याची आज्ञा द्यावी लागली. शिवाय तो इंग्रजी उतारा होताच. आता मराठी आवाज त्याच्याशी झटापट करणार! म्हणून त्या उताऱ्यापुरती ई-एन ची खूण वेगळी केली. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा, म्हणून डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेने जे दंडक घातले आहेत, त्यांत पानाची भाषा सांगणे हा अगदी पहिल्या पायरीचा दंडक आहे आणि उताऱ्याची भाषा सांगणे हा दुसऱ्या पायरीचा. हे सगळे आधीपासून लिहिलेले होते. साच्यापर्यंत ते पोचलेले नव्हते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी तो विद्यार्थी विभागातल्या बाकावर बसून आपला लेख ऐकत होता. आम्ही तीन-चार जण उगीचच काही काम असल्यासारखे आसपास घोटाळत होतो. संपूर्ण ऐकून झाल्यावर त्याने कानातले काढले.

‘‘काय, बोलला का अंक?’’ मी विचारले.

‘‘बोलला, सर. पण तिसऱ्या परिच्छेदात ‘जात्याची’च्या पुढे ‘घरघर’ शब्द गळलाय.’’

तीन डोळस मुलांनी तीनदा तपासलेल्या अंकातली पहिली चूक त्याने काढली. आता अंकाची मुद्रिते त्याच्या कानाखालून गेल्याशिवाय पुढे जात नाहीत.

एम-आरचा आणखी एक लाभ मला मराठीचा शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. आपला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा; हिंदीच्या वळणाचे ल आणि श थोडे निराळे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांच्या ल ला आकडा एकच. काही फाँट दोन्ही वळणे जवळ बाळगतात आणि कोणते दाखवायचे, हे पानावर लिहिलेल्या भाषेवरून ठरवतात. पानाने आपण मराठी असल्याचे सांगितले, तर ते मराठी वळण काढतात. सांगितले नाही, तर त्यांच्या मनाला येईल ते. लिपीच्या वळणाबद्दल आपण परिसंवादात तावातावाने बोलतो. तेवढ्याच वेळात ही दोन अक्षरे लिहून होतात.

व्हीएस कोडमधल्या एमेटच्या ज्या कलमाकडे पुन्हा वळू म्हटले होते, ते ह्यासाठी. तिथे ‘लँग’च्या पुढे एकदा एम-आर लिहून ठेवले, की पुढे उद्गारचिन्हातून निघणारे प्रत्येक पान जन्मतःच मराठी असते. विम, ईमॅक्स, इंटेलिजे, कोणताही एडिटर घ्या. साच्याची मूळ फाईल उघडून तीच दुरुस्ती करता येते. काम दोन मिनिटांचे आहे.

मात्र साचा आपल्या हाती आला, की माणसाला सगळेच त्यात कोंबायचा मोह होतो. कन्येच्या वर्गातल्या एका उत्साही मुलाने प्रत्येक फाईलच्या माथ्यावर स्वतःचे नाव, रोल नंबर, एक सुविचार आणि ताऱ्यांची चौकट येईल अशी व्यवस्था केली होती. चार ओळींच्या प्रोग्रॅमवर चौदा ओळींचे तोरण! शिवाय मित्रांनी त्याचा साचा उसना घेतला आणि परीक्षेत सगळ्यांच्या फाईलींवर ह्याचेच नाव निघाले. नक्कल कोणी कोणाची केली, हे ठरवता ठरवता सरांची संध्याकाळ झाली.

तेव्हा साच्यात किती घालावे, ह्याचा विवेक हवा. आणि तो दिवाळीच्या दिवसांत घरातच शिकायला मिळतो. करंजीचा साचा घ्या. त्यातून निघणारी प्रत्येक करंजी शेजारणीच्या करंजीसारखी. काम झटपट होते, पण ही कोणाच्या हातची, हे ओळखू येत नाही. सोऱ्या त्याहून शहाणा. चकती बदलली, की त्याच भांड्यातून शेव निघते किंवा चकली निघते; भाजणी मात्र ज्याची त्याची. आणि मला सगळ्यांत आवडतो तो रांगोळीचा ठिपक्यांचा कागद. उदबत्तीने भोके पाडलेला, घरोघर जपून ठेवलेला. गेरूवर तो पसरून वरून रांगोळी फिरवली, की ओळीत ठिपके पडतात. कागद उचलून घेतला, की त्याचे काम संपले. ठिपके सरळ आले ही त्याची कामगिरी. पुढे त्यातून कमळ काढायचे, की कासव, हे त्या कागदाने कधी कोणाला सांगितलेले नाही.

साचा असा असावा. जे दर वेळी खरे असते आणि दर वेळी विसरले जाते, तेवढेच त्यात घालावे : अक्षरांचा करार, पानाची भाषा, नावाची मोकळी जागा. आज खरे आणि उद्या खोटे होणारे काही त्यात कायमचे कोरू नये. साल घालायचे, तर ‘अमुक’ घालावे. नाही तर पाच वर्षांपूर्वीचे साल नव्या फाईलीवर मिरवत राहते. आणि दिवाळीची साफसफाई करताना माळा काढतो, तसा वर्षातून एकदा साचाही काढून झटकावा. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव, बंद पडलेला पत्ता, कोणाच्या तरी परदेशातल्या घरातून आलेली दोन अक्षरे, असे पुष्कळ काही त्यात सापडते.

बहुतेक घरांत आता एखादा मुलगा किंवा मुलगी असा काही एडिटर उघडून बसलेली असतेच. फराळाची ताटे उचलली, की जरा त्यांच्यापाशी जा आणि म्हणा, ‘‘नवी फाईल उघडून दाखव बघू.’’ वेबपेजची असेल, तर दुसरी ओळ वाचा. मराठी पानावर इंग्रजीची खूण दिसली, तर ही कोणी लिहिली म्हणून विचारा. ‘कुणी नाही’ असे उत्तर आले, तर रागावू नका. ‘‘मग आता तू लिही’’ म्हणा, आणि ती लिहून होईपर्यंत तिथेच बसून राहा.